गोटे घासणाऱ्या पिंपाचे धारवे

गुजरातेतील खंबायत येथे रतनपूरच्या खाणींतील अकीक घासून मणी करण्याचा उद्योग फार जुना आहे. मणी आणि कुरुंदाची पूड चामडी पिशवीत भरून दोन माणसे ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोळवीत असत. पुढे हे काम विजेच्या मोटरीवर फिरणाऱ्या पिंपांकडे आले. माणसाचे हात सुटले. झीज मात्र यंत्रातील धारव्यांच्या, म्हणजेच बेअरिंगांच्या, वाट्याला आली.

लहान यंत्राची रचना साधी असते. रबरी नळी चढविलेले दोन समांतर दंड आणि त्यांवर आडवे ठेवलेले पिंप. एक दंड पट्ट्याने मोटरीला जोडलेला असतो. भरड पुडीपासून अखेरच्या चकाकीपर्यंत सामान्यतः चार टप्पे असतात व प्रत्येक टप्पा आठवडाभर अहोरात्र चालतो. एका खेपेला धारव्यांना सुमारे ६७० तास फिरावे लागते.

अकिकाची कठिनता सुमारे ७, तर घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडची ९ हून अधिक असते. झाकणातून पाझरलेला चिखल दंडावर ओघळला, की पिंपात जे अकिकाचे व्हायचे तेच धारव्यात धातूचे होऊ लागते. दंड कर्कश आवाज करतो, त्याच्या टोकाशी काळा लगदा साचतो आणि मोटर अधिक तापते. या अवस्थेत तेल घालून आवाज बंद करणे म्हणजे दुखणे दडपणे होय.

दुरुस्तीपूर्वी वीजजोड काढावा. पिंप उघडून दगड धुऊन घ्यावेत; चिखल मोरीत ओतू नये, तो नळात दगडासारखा घट्ट बसतो. पट्टा उतरवून दंड बाहेर काढावा व रॉकेलने स्वच्छ करावा. त्यावरून नख फिरविताना खाच जाणवली, तर दंडही बदलावा, कारण खाचलेला दंड नवा धारवा लवकरच खातो.

जुना धारवा फेकण्याची घाई करू नये. त्याचे भोक एकाच बाजूला, मोटरीच्या दिशेने, लांबट झाले असेल, तर पट्टा फार ताणलेला होता असे समजावे. आत सभोवार ओरखडे असतील, तर दोष झाकणाचा. हे न पाहता केलेली दुरुस्ती काही महिन्यांत पुन्हा करावी लागते.

अनेक लहान यंत्रांत तेल मुरविलेल्या सच्छिद्र काशाचे बुश असतात. असा बुश हातोड्याने ठोकू नये. त्याची कड पसरते. लांब बोल्ट, नट व दोन जाड वायसर घेऊन तो हळूहळू सरळ आत ओढावा. आतील पृष्ठ कानशीने वा पॉलिश कागदाने घासू नये, नाहीतर तेल पुरविणारी सूक्ष्म छिद्रे बुजतात. गोळ्यांचे बेअरिंग असल्यास त्यावरील क्रमांक पाहूनच नवे आणावे: ६२०२ चे भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, रुंदी ११. दोन्ही बाजूंनी रबरी झाकणे असलेलेच घ्यावे. या धंद्यात उघडे बेअरिंग म्हणजे पुडीला आमंत्रणच. दंडावर चढविताना दाब आतील कड्यावरच द्यावा. बाहेरच्या कड्यावर दिला, तर गोळ्यांच्या मार्गात खड्डे पडतात.

दंड बोटाने सहज फिरला पाहिजे, पण हलता कामा नये. मग पट्टा बेताने ताणून पिंप तासभर चालवावे व धारव्याजवळ हात लावून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही; हात ठेववत नसेल, तर पट्टा सैल करावा. काशाच्या बुशाला अधूनमधून हलक्या यंत्रतेलाचा एखादा थेंब पुरतो. अधिक घातलेले तेल दंडावरील रबर फुगविते आणि पिंप जागीच घसरत राहते.