विकी-स्थळावरील शब्दशोध

एखादी शेतकरी-संस्था आपली माहिती विकी पद्धतीच्या संकेतस्थळावर ठेवूं लागली, कीं पहिल्या वर्षीं सर्व ठीक चालतें. पानें थोडीं असतात, आणि कोणतें कोठें आहे हें लिहिणारांस पाठ असतें. पानें पांचशेंच्या पुढें गेलीं म्हणजे मात्र ज्याच्या कपाशींत आज अळी दिसली, त्यास तीवरील पान आज सांपडत नाहीं. आणि आठ दिवसांनीं सांपडून उपयोग नसतो. यास्तव शब्दावरून पान शोधण्याची सोय कशी असावी, याचा विचार येथें योजिला आहे.

विकी म्हणजे ज्याचें पान सभासदांस तेथल्या तेथें दुरुस्त करतां येतें असें स्थळ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनीं पहिलें विकी १९९५ सालीं चालू केलें. प्रत्येक दुरुस्ती कोणी व केव्हां केली याची नोंद, आपल्या फेरफाराच्या नोंदवहीप्रमाणें, मागें राहते.

ज्यांनीं तलाठ्याचें दप्तर पाहिलें आहे त्यांस शोधाचें तत्त्व समजण्यास अडचण नाहीं. सात-बारा गट नंबरावरून लागतो. नंबर ठाऊक नसून केवळ खातेदाराचें नांव ठाऊक असेल, तर आम्ही सारे सात-बारा चाळीत न बसतां आठ-अ उघडीत असूं. तेथें नांवाखालीं त्याचे सर्व गट एकत्र मिळतात. शोधयंत्र हेंच करतें. ‘हुमणी’ हा शब्द ज्या ज्या पानांत आला, त्या पानांची यादी तें त्या शब्दाखालीं आधींच मांडून ठेवतें. ‘हुमणी’ व ‘भुईमूग’ असे दोन शब्द घातले, तर दोन्ही याद्यांत असलेलीं पानें तेवढीं निघतात. शोधाच्या वेळीं सारीं पानें वाचावीं लागत नाहींत, म्हणून उत्तर क्षणांत येतें.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकींत शोधपेटी मुळांतच असते, व पान बदललें कीं सूचीही थोड्या वेळांत बदलते. फेरफार मंजूर झाला आणि आठ-अ तसाच राहिला, तर काय होतें हें वाचकांस सांगणें नको. म्हणून पानें एकगठ्ठा बाहेरून आणून भरलीं असतील, तर सूची नव्यानें बांधण्याची आज्ञा व्यवस्थापकाकडून एकदां चालवून घ्यावी.

परंतु खरी अडचण यंत्राची नसून आपल्या भाषेची आहे. ‘ऊस’ असा शब्द घातला, तर ‘उसावर’, ‘उसाची’ असें लिहिलेलें पान साधें शोधयंत्र दाखविणार नाहीं. त्याच्या लेखीं ते निराळे शब्द. ‘कापूस’ व ‘कापसास’ यांचेंही तेंच. शोधणारानें ‘कापस’ लिहून लगत तारकाचिन्ह दिलें, तर मीडियाविकींत कापसावर, कापसाची हीं रूपें निघतात. दुसरा उपाय असा, कीं लिहिणारानेंच पानाच्या माथ्यावर मूळ शब्द एकदां सुटा लिहावा. आम्हांस हाच अधिक पसंत आहे. शोधणारे अनेक आणि घाईंत असतात, लिहिणारा एकच असतो.

नांवांचा घोळ याहून मोठा. कोणी हुमणी म्हणतो, कोणी उन्नी. एकाची गुलाबी बोंडअळी ती दुसऱ्याची शेंदरी. येथें पुनर्निर्देशनाची योजना करावी, म्हणजे ‘उन्नी’ या नांवाचें रिकामें पान करून तें ‘हुमणी’च्या पानाकडे लावून द्यावें. हें काम शिकलेल्या यंत्रज्ञापेक्षां गांवोगांवची बोली ठाऊक असलेला म्हातारा सभासद चांगलें करील. ‘शेतकऱ्यांस’ यांतील अर्धा र संगणकांत दोन रीतींनीं लिहिला जातो. डोळ्यांस तो एकच दिसतो, यंत्रास कित्येकदां नाहीं. करितां लिहिणाऱ्या सर्वांनीं कळफलक एकच वापरावा.

सरकारी पत्रकांचीं छायाचित्रें चिकटवून ठेवण्याची चाल मात्र बंद करावी. चित्रांतील अक्षरें सूचींत येत नाहींत. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतील मजकुराचीही तीच गत. तो यंत्राच्या दृष्टीनें मराठीच नव्हे, तेव्हां आधीं रूपांतर करून मग भरावा. एकदम सर्व होणार नाहीं. कपाशीचीं पानें पेरणीपूर्वीं, आणि उसाचीं त्यामागून घ्यावीं.