अपसॅम्पलर घेण्याआधी

सीडी ऐकणाऱ्या मित्रांपैकी कुणी ना कुणी अधूनमधून विचारतं, "अपसॅम्पलर घेऊ का? आवाज खुलतो म्हणतात." मी उलट दोन प्रश्न विचारतो. तुझा डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) कोणता? आणि फरक पडला की नाही, हे तू ठरवणार कसं? माझ्याकडे ही पेटी बराच काळ वापरात होती. एका मित्राच्या घरीही ती लावून पाहिली. दोन घरांत तिने अगदी वेगळे निकाल दिले. ते वेगळे का आले, हे समजल्याशिवाय कुणी पैसे मोजू नयेत असं मला मनापासून वाटतं. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाणारा हा खर्च आहे, आणि तो करणारा माणूस बहुतेक वेळा संगीतावर जीव असलेलाच असतो.

पेटी नेमकं काय करते

सीडीवर आवाज दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार इतक्या नमुन्यांत २२.०५ किलोहर्ट्झच्या खालचा सगळा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. अपसॅम्पलर या नमुन्यांच्या मधले बिंदू गणिताने काढतो आणि ४४.१ किलोहर्ट्झचा प्रवाह ८८.२, ९६, १७६.४ किंवा १९२ किलोहर्ट्झचा करून डॅककडे पाठवतो.

हे मधले बिंदू आधीच्याच नमुन्यांतून काढलेले असतात. त्यामुळे ध्वनिमुद्रणात जे नव्हतं ते त्यांतून निघत नाही. १६ बिटांचे २४ झाले तरी मूळ मुद्रणातली खरखर तेवढीच राहते. बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून केलेली सीडी कितीही वरच्या दराने वाजवली, तरी त्या तबकडीवर न उतरलेला वरचा नाद परत येणार नाही.

मग फायदा असलाच तर कुठे? नमुन्यांवरून पुन्हा सलग ध्वनी तयार होताना २२ किलोहर्ट्झच्या वर मूळ आवाजाच्या नको असलेल्या प्रतिमा उमटतात. त्या गाळायला फिल्टर लागतो. ४४.१च्या दराने काम करताना या फिल्टरला २० आणि २२ किलोहर्ट्झ यांमधल्या चिंचोळ्या जागेत सगळं उरकावं लागतं. नमुने आधीच वाढवले तर गाळण्याचं अवघड काम गणितावर सोपवता येतं आणि पुढचा ॲनालॉग फिल्टर सौम्य उताराचा चालतो.

ही युक्ती सीडीइतकीच जुनी आहे. १९८२मध्ये जपानमध्ये आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ या प्लेयरमध्ये तीव्र उताराचा ॲनालॉग फिल्टर होता. फिलिप्सने मात्र आपल्या पहिल्या प्लेयरमध्ये १४ बिटांची डॅक चिप वापरून नमुने चौपट, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झ केले. आज जवळपास प्रत्येक डॅक चिपच्या पोटात असा फिल्टर असतो, बहुधा आठपट नमुने करणारा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीसीएस या इंग्लिश कंपनीने हे काम वेगळ्या पेटीत आणलं आणि 'अपसॅम्पलिंग' हा शब्द हाय-फायच्या दुकानांत रुळला. २०१८मध्ये आलेल्या कॉर्ड कंपनीच्या ह्यूगो एम स्केलरमध्ये तर दहा लाखांहून जास्त टॅप्सचा, म्हणजे गणिती गुणकांचा, फिल्टर आहे.

थोडक्यात, अपसॅम्पलर घेताना आपण एक फिल्टर विकत घेत असतो. म्हणूनच डॅकमध्ये आधीपासून कसा फिल्टर आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

माझ्या घरी

माझ्याकडे चांगला सीडी प्लेयर होता. त्याला एक आधुनिक डॅक जोडला आणि दोघांच्या मध्ये अपसॅम्पलर बसवला. प्लेयरची थेट ॲनालॉग लाइन ॲम्प्लिफायरच्या एका इनपुटला आणि डॅकची लाइन दुसऱ्या इनपुटला. दुसरं इनपुट निवडलं की गायकाचा आवाज पुढे येई, तानपुऱ्याची जवारी उठून दिसे, डग्ग्याला वजन येई. घरातल्या इतरांनाही हा फरक न सांगता कळला.

फरक खराच होता, पण तो अपसॅम्पलरचा नव्हता. चाचणीच्या सीडीवरचा १ किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर लावून मल्टीमीटरने मोजलं, तर प्लेयरच्या लाइनवर २ व्होल्ट होते आणि डॅकच्या लाइनवर २.५. ही जवळजवळ २ डेसिबलची वाढ आहे. एवढी वाढ कानाला 'आवाज मोठा झाला' अशी जाणवत नाही. ती 'स्वच्छ', 'भरदार', 'जिवंत' अशी जाणवते. दुकानातल्या प्रात्यक्षिकात जी पेटी सरस वाटते, तिचं श्रेय कितीदा या एका गोष्टीला जात असेल, हे मला त्या दिवशी उमगलं.

त्यानंतर तुलना बदलली. अपसॅम्पलरवर बायपासचं बटण होतं. डॅक, केबल आणि ॲम्प्लिफायरचं इनपुट तेच ठेवून एकदा ४४.१ आणि एकदा १७६.४ असं ऐकायचं ठरवलं. स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजून दोन्ही पातळ्या सारख्या करून घेतल्या. मुलीला बटणापाशी, माझ्या पाठीमागे बसवलं. ती नाणं उडवून पेटी चालू की बंद ते ठरवायची आणि वहीत लिहून ठेवायची. दर बदलताना डॅकमधून टक् असा आवाज येतो आणि त्यावरून अंदाज बांधता येतो, म्हणून प्रत्येक वेळी आधी ॲम्प म्यूट करायचं. ख्याल, नाट्यगीत, पाश्चात्त्य चेंबर संगीत, सगळं ऐकलं. माझी उत्तरं वहीतल्या नोंदींशी निव्वळ योगायोगाइतकीच जुळली.

एका माणसाच्या कानांवरून नियम ठरत नाही. पण अभ्यासही याच दिशेने बोलतात. २००७मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दराचं मूळ ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाच्या टप्प्यातून काढलेलं, यांतला फरक श्रोत्यांना ओळखायचा होता. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. २०१६मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात हा आकडा ५२.३ टक्के निघाला. म्हणजे परिणाम आहे, पण फार थोडा. हे सगळं खऱ्या उच्च दराच्या मुद्रणांबद्दलचं आहे. सीडीवरून गणिताने वाढवलेल्या नमुन्यांकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवायला मला आधार दिसत नाही.

जिथे पेटीने आवाज बिघडवला

काही सीडी अपसॅम्पलरमधून ऐकताना जास्त कर्कश वाटू लागल्या. त्या सगळ्या नव्याने मास्टर केलेल्या, खूप मोठ्या पातळीवर चढवलेल्या होत्या. 'स' आणि 'श' या अक्षरांना धार येई, झांजा फाटत.

याचं कारण गणितात आहे. १९९०च्या दशकापासून अनेक सीडींचे नमुने कमाल पातळीपर्यंत ताणलेले असतात. पण ध्वनीची खरी लाट दोन नमुन्यांच्या मधे त्याहून उंच जाऊ शकते. एका साध्या स्वराच्या बाबतीतसुद्धा ही वाढ ३ डेसिबलपर्यंत होते. अपसॅम्पलर नेमका तो मधला बिंदू काढायला जातो, तेव्हा त्याला आकड्यात बसवायला वर जागाच नसते. लाटेचं शिखर छाटलं जातं. माझ्या पेटीत पातळी आधी कमी करण्याची सोय नव्हती. तीच गाणी संगणकावर घेतली, सॉफ्टवेअरमध्ये पातळी ३ डेसिबल खाली आणली आणि मग अपसॅम्पल केली, तेव्हा ती धार गेली.

म्हणून पेटी घ्या किंवा सॉफ्टवेअर, त्यात 'हेडरूम', म्हणजे वर मोकळी जागा, राखण्याची सोय आहे का, हे आधी पाहा. सोय असेल तर ३ डेसिबलवर ठेवा. आवाज थोडा लहान होईल, तो ॲम्पच्या नॉबने भरून काढता येतो.

मित्राच्या घरी

माझ्या मित्राला ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे डॅकच्या आतच नमुने वाढवण्याची सोय, नसलेले डॅक आवडतात. त्याच्याकडे जुन्या फिलिप्स चिपवर बांधलेला तसा एक डॅक आहे. त्यात डिजिटल फिल्टर मुळातच नाही. अशा डॅकमध्ये प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो आणि त्यामुळे वरची पट्टी उतरत जाते. २० किलोहर्ट्झला ही घट सुमारे ३ डेसिबल असते.

तिथे अपसॅम्पलर ८८.२ वर लावला आणि पातळी जुळवून ऐकलं, तेव्हा फरक स्पष्ट होता. सतारीच्या चिकारीला चमक आली, टाळ मोकळे वाटले. हिशोबही तसाच आहे. दर दुप्पट झाला की २० किलोहर्ट्झची घट १ डेसिबलच्या आत येते आणि नको असलेल्या प्रतिमाही दूर जातात. मित्राला मात्र आधीचा मऊ आवाजच जास्त भावला आणि त्याने तोच ठेवला. आवडीचा हक्क प्रत्येकाचा आहे. पण इथे पेटीने काहीतरी केलं, आणि ते का केलं हे सांगता येत होतं.

तुमचा डॅक असा असेल, किंवा फार जुना आणि दुबळ्या फिल्टरचा असेल, तर अपसॅम्पलरचा विचार जरूर करा. प्लेयरकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये जिटर जास्त असेल, म्हणजे त्याच्या वेळेत हेलकावे असतील, तर स्वतःच्या घड्याळावर नमुने नव्याने रचणाऱ्या काही पेट्या तेही कमी करतात. आधुनिक, बऱ्या दर्जाच्या डॅकला मात्र ही मदत सहसा लागत नाही.

खोली आधी

आपल्याकडच्या फ्लॅटमधली ऐकण्याची खोली बहुधा १० बाय १२ फुटांच्या आसपास असते. १२ फुटांच्या लांबीत पहिली स्थिर लाट सुमारे ४७ हर्ट्झला बसते आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला. त्यांच्या पटीतही लाटा उभ्या राहतात. कुठे बसता यावर काही खर्ज स्वर दहा डेसिबलने फुगतात, काही तितकेच बुडतात. त्या तुलनेत चांगल्या डॅकच्या दोन फिल्टरांमधला फरक ऐकू येणाऱ्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी एका डेसिबलच्या छोट्या अंशाएवढा असतो.

माझ्या खोलीत स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, कोपऱ्यातून बाहेर काढले आणि सोफा मागच्या भिंतीपासून सरकवला. डग्ग्याची घुम आवरली आणि त्याखाली दबलेलं गायकाचं मंद्र सप्तक मोकळं झालं. समोर सतरंजी आणि बाजूला पुस्तकांनी भरलेलं कपाट आल्यावर वरचा आवाजही शांत झाला. यात खर्च जवळपास नव्हता आणि मिळालेली सुधारणा डोळे मिटूनही ओळखता येत होती. पातळ पडदे आणि सतरंजी वरच्या पट्टीवरच काम करतात. बास आवरायचा तर आधी जागा बदलाव्या लागतात.

पैसे देण्यापूर्वी

आधी फुकट करून पाहा. सीडी संगणकावर उतरवा. सॉक्स हे सॉफ्टवेअर नमुन्यांचा दर उत्तम बदलतं आणि ते मोफत आहे. एका ट्रॅकची १७६.४ किलोहर्ट्झची प्रत काढा, दोन्ही प्रती ३ डेसिबल खाली आणा आणि फूबार २००० या प्लेयरमधल्या एबीएक्स चाचणीत (न सांगता वाजवलेली प्रत दोहोंपैकी कोणती, हे ओळखण्याच्या) त्यांची तुलना करा. इथे फरक ऐकू आला नाही, तर तेच काम करणाऱ्या पेटीतून तो येण्याची शक्यता फार कमी आहे.

पेटी ऐकायची तर ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या डॅकवर ऐका. परत करण्याची मुदत लेखी घ्या. पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १ टक्का. साधा मल्टीमीटर चालतो, कारण आपल्याला दोन्ही वेळचा आकडा सारखा आहे की नाही एवढंच पाहायचं असतं. ॲम्प चालू असताना मीटरच्या दोन्ही सुया स्पीकरच्या टर्मिनलवर एकमेकींना लागणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर ॲम्प जळू शकतो.

जोडण्याही तपासा. ऑप्टिकल केबलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत सहसा अडचण येत नाही, १९२ मात्र दर वेळी चालेलच असं नाही. त्यासाठी ७५ ओमची कोॲक्स केबल बरी. जुने डॅक अनेकदा ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झच्या वरचं काही घेतच नाहीत. मग महागड्या अपसॅम्पलरचा वरचा अर्धा भाग वायाच जातो. अमेरिकेहून आलेली वापरलेली पेटी ११० व्होल्टची तर नाही ना, हे प्लगला हात लावण्याआधी पाहा. आणि डिस्प्लेवर १९२ हा आकडा दिसणं म्हणजे फक्त दर बदलल्याची खूण, आवाज सुधारल्याची नव्हे.

शेवटी १६ फेऱ्यांची चाचणी घ्या, न बघता. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येणं निव्वळ अंदाजाने ४ टक्क्यांहून कमी वेळा घडतं. तुम्ही तिथवर पोचलात आणि ओळखलेला आवाज तुम्हाला जास्त आवडला, तर पेटी निःशंक घ्या. नाही पोचलात, तर ते पैसे बऱ्या स्पीकरवर, स्पीकरच्या स्टँडवर आणि चांगल्या ध्वनिमुद्रणांवर खर्च करा. तिथे मिळणारी सुधारणा दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मानावी लागत नाही.