हिमा : राखीव रानाचा इस्लामी दंडक

इस्लामपूर्व अरबस्तानात बलाढ्य सरदार उत्तम चराऊ रान बळकावीत व इतरांच्या जनावरांस तेथे मज्जाव करीत. अशा राखीव रानास ‘हिमा’ म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही मिरासदारी मोडली. हिमा केवळ अल्लाह व त्याच्या प्रेषितासाठीच, असा आशय सहीह बुखारीतील हदीसमध्ये आहे. अर्थात रान राखावयाचे ते सार्वजनिक हितासाठी. मदीनेजवळील नकीअचे कुरण घोड्यांसाठी राखले गेले. खुद्द मदीनेच्या हरममध्ये वृक्षतोड व शिकार निषिद्ध ठरली.

परंतु राखलेल्या रानात प्रवेश कोणास द्यावा? हजरत उमर (रजि.) यांनी हुनै नामक सेवकास हिमाचा रखवालदार नेमताना दिलेली ताकीद बुखारीतच नोंदलेली आहे. मोजकी उंटे-मेंढरे बाळगणाऱ्यास आत येऊ दे. इब्ने औफ व इब्ने अफ्फान यांच्या कळपांस मात्र नको. त्यांची जनावरे मेली तरी खजुरीच्या बागा व शेती आहे. गरिबाचे मेंढरू मेले तर तो लेकरांसह खलीफाच्या दारी येईल, आणि त्यास सोने-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी देणे सोपे. ज्यांना अडविले ते दोघेही थोर सहाबी होते, हे ध्यानी घ्यावे. पीडिताच्या शापाला भी, असेही त्याच ताकिदीत आहे.

सोलापूरकरांना हा प्रश्न परका नाही. 1979 मध्ये नान्नज परिसरासह सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे व खासगी शेतेही आली, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडले आणि शेतकऱ्यांच्या मनात त्या पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक मात्र आता क्वचितच दिसतो. हिमामुळे रयतेस असह्य अडचण होऊ नये, ही फकीहांनी घातलेली अट येथे आठवते.

आणखी एक गैरसमज आहे. माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. माळढोक, काळवीट व लांडगा यांचे ते घर, धनगराच्या मेंढरांचा तो चारा. वृक्षारोपण हा सदका खरा. पण तो मशिदीच्या आवारात, बांधावर, कब्रस्तानात करावा. गवताळ माळावर दाट झाडी लावल्यास मोकळ्यावर वावरणारा माळढोक तेथून उठतो. सूरह रहमानमधील ‘मीजान’ म्हणजे तोल. तो माळरानासही लागू आहे. गवताचे बी झडल्यावर कापणी, आळीपाळीने चराई आणि लहान कळपवाल्यास पहिला हक्क, एवढे ग्रामसभेत ठरविता येते.