ट्रकला जादा डिझेल टाकी : बसवण्याआधी हिसाब करा

बपेरा हे तुमसर तालुक्यातले सीमेवरचे गाव. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो. म्हणजे दुसरे राज्य आणि डिझेलचा दुसरा भाव. या भागातून तांदूळ बाहेर जातो आणि सुरत, भिवंडी, मालेगावहून कापड येते. सगळा माल ट्रकवर चालतो. म्हणून ट्रक आपला असो वा भाड्याचा, डिझेलचा खर्च शेवटी आपल्याच मालावर चढतो. जिथे स्वस्त मिळेल तिथे भरपूर भरून घ्यावे, त्यासाठी चेसीला दुसरी टाकी लावावी, असा विचार आपल्या व्यापारी बांधवांत नेहमी निघतो. विचार वाईट नाही, पण त्याचा हिसाब अर्धाच मांडला जातो.

आधी भावातला फरक समजून घेऊ. डिझेल जी.एस.टी.त नाही. त्यावर प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावते आणि तो केव्हाही बदलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी उतरवले. मध्य प्रदेशाने लगेच आपला व्हॅटही कमी केला. महाराष्ट्राने मात्र डिझेलवर ३ रुपयांची सवलत दिली ती जुलै २०२२ मध्ये. जो फरक आठ महिने होता तो एका दिवसात घटला. टाकी दहा वर्षांसाठी लागते, फरकाची मात्र दहा महिन्यांचीही हमी नाही. हे ध्यानात ठेवून पुढचे आकडे पाहावेत.

समजा, टाकी ३०० लिटरची आहे आणि फरक लिटरमागे ३ रुपये आहे. एका भरणीत ९०० रुपये वाचले. आता ट्रक मुद्दाम तीस किलोमीटर वाट वाकडी करून गेला, तर जाऊन येऊन साठ किलोमीटर झाले. भरलेला दहाचाकी लिटरला चार किलोमीटर देतो असे धरले, तर १५ लिटर जळाले. डिझेल ९० रुपये धरले तरी हे १,३५० रुपये झाले. म्हणजे ९०० वाचवायला १,३५० खर्च! स्वस्त पंप रोजच्या वाटेवर असेल तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. डिझेल लिटरला सुमारे ८३० ग्रॅम भरते. ३०० लिटरचे अडीचशे किलो झाले. टाकी, पट्टे आणि ब्रॅकेटचे पन्नास किलो धरा, म्हणजे एकूण तीनशे किलो. जुलै २०१८ पासून दहाचाकीला मालासह २८.५ टनांची मर्यादा आहे, पूर्वी ती २५ होती. तांदळाचा ट्रक वजनाने भरतो, म्हणून तितका माल कमी घ्यावा लागतो. टनाला दोन हजार भाडे असेल तर ६०० रुपये गेले आणि ९०० मधले उरले ३००. टाकीला ३० हजार खर्च झाला असेल तर तो निघायला शंभर फेऱ्या लागतील. महिन्याला चार फेऱ्या धरल्या तर दोन वर्षांहून जास्त. फरक एक रुपयावर आला तर प्रत्येक फेरीला नुकसानच. माल कमी न करता तसाच पुढे नेणाऱ्याने हे जाणून असावे की जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक टनाला दोन हजार.

तयार कपडे, गाद्या, प्लास्टिकचे सामान यांचे गणित वेगळे आहे. तिथे ट्रक जागेने भरतो, वजन शिल्लक राहते. तोच खर्च चौतीस फेऱ्यांत निघतो. म्हणून माझ्या मते धान-तांदळाच्या ट्रकला दुसरी टाकी लावू नये. हलका माल लांब नेणाऱ्याने विचार जरूर करावा. तोही लांबच्याच वाटेवर, जसे सुरतहून नागपूर, भंडारा, रायपूरवरून कोलकात्याकडे. तुमसर ते नागपूर करणाऱ्याला कंपनीची टाकी पुरेशी आहे.

लांब पल्ल्याच्या बाबतीत एक अडचण नवी आहे. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ ट्रकांना डिझेलबरोबर युरियाचे द्रावण, ज्याला डी.ई.एफ. म्हणतात, ते लागते. डिझेलच्या साधारण चार ते सहा टक्के. डिझेल ६०० लिटर नेले आणि युरियाची टाकी संपली तर इंजिनाची ताकद कमी होते आणि ट्रक रेंगाळतो. डिझेलची टाकी वाढवणारे मालिक हे विसरतात.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर.सी. बुकातल्या आणि कंपनीने दिलेल्या तपशिलाला सोडून वाहनात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. परवानगी नसलेला भाग मालकाने बसवला तर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. पेट्रोलियम कायदा १९३४ चे कलम ९ वाहनाच्या टाकीतल्या इंधनाला परवान्यातून सूट देते, पण दोन अटींवर : मालकाने नोंदणीचा कायदा पाळलेला असावा आणि इंधन त्याच वाहनाच्या चालण्यासाठी असावे. टाकीतून काढून दुसऱ्याला विकले की सूट संपली. युरोपातही असाच भेद करतात. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कंपनीने बसवलेल्या टाकीतल्या इंधनावर दुसऱ्यांदा कर नाही, बाहेरून जोडलेल्या टाकीला ती सवलत नाही.

म्हणून सरळ मार्ग असा : नवा ट्रक घेतानाच मोठी किंवा जोड टाकी असलेले मॉडेल मागावे. जुन्या ट्रकला लावायची असेल तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि विमा कंपनीला पत्र द्यावे. न कळवलेला बदल दाव्याच्या दिवशी आडवा येतो.

गल्लीतल्या गॅरेजात पत्र्याची टाकी वळवून घेणे तर नकोच. मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असतो, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो. म्हणजे त्या दिवसांत टाकीतली वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. डिझेल राहिलेल्या टाकीला वेल्डिंग कधीही लावू देऊ नये. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. टाकी फुटल्याचे तेव्हा पोलिसांनी सांगितले होते. ड्रायव्हर-क्लीनर टाकीपासून दोन हातांवर बसलेले असतात, हा हिसाब पैशात मांडता येत नाही.

जोडणीतली एक गोष्ट मालकाने स्वतः तपासावी. डिझेल इंजिन घेतलेले सगळे डिझेल जाळत नाही, उरलेले गरम होऊन परतीच्या नळीने टाकीत येते. मिस्त्रीने ओढणारी नळी दुसऱ्या टाकीला जोडली आणि परतीची पहिल्याच टाकीत ठेवली, तर एक रिकामी होते आणि दुसरी उतू जाते. दोन्ही नळ्या एकत्र फिरवणारा कॉक हवा. दोन टाक्यांना खालून जोडणारी नळी दगड लागून तुटली तर दोन्ही रस्त्यावर सांडतात, म्हणून तिला लोखंडी कवच हवे. आत लाटा अडवणारे पडदे, टाकीला हवेची वाट आणि सायलेन्सरपासून अंतर हेही पाहावे. साध्या लोखंडाचा गंज नव्या इंजिनाच्या इंजेक्टरला खातो, आणि ती दुरुस्ती टाकीच्या किमतीहून महाग पडते.

राहिला चोरीचा प्रश्न. ड्रायव्हर भाईवर शक घेण्याआधी त्याला वहीत दोन्ही टाक्यांची भरणी वेगळी लिहायला सांगा. डिझेल त्याच्याकडे अमानत आहे, आणि त्याची इज्जत आपल्याकडे. पहाटे टाकी काठोकाठ भरू नये. वीस अंशांनी तापमान वाढले की ३०० लिटरचे सुमारे पाच लिटर वाढते. ते दुपारी झाकणातून गळते आणि संध्याकाळी माप कमी भरले की नाव ड्रायव्हरचे घेतले जाते.