शुद्धीवर आणणारी गोळी

शाळेच्या पटांगणावर उन्हांत रांग उभी असतां एखादा विद्यार्थी घेरी येऊन पडला, तर भोंवतीं जमलेल्या मंडळींपैकीं प्रत्येकास कांहीं ना कांहीं उपाय ठाऊक असतो. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरितो, कोणी वहाण हुंगवावयास सांगतो, कोणी पाण्याचा पेला तोंडास लावितो. आपलें माणूस डोळे मिटून निश्चेष्ट पडलेलें पाहणें कोणासही सहन होत नाहीं. म्हणून शुद्धीवर आणणाऱ्या औषधांचा शोध देशोदेशीं झालेला आहे. आपल्याकडे अखेरच्या घटकेस हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवीत असत. चीन देशांत अशाच प्रसंगीं दिली जाणारी एक गोळी दोनशें वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आहे. तिची हकीकत आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवितों; कारण त्या गोळीपेक्षांही ती करणाऱ्या वैद्याची वृत्ति शिकण्यासारखी आहे.

या वैद्याचें नांव वू ज्यूतुंग. त्याचा जन्म १७५८ सालीं पूर्व चीनमधील ज्यांगसू प्रांतांत झाला. तो एकोणीस वर्षांचा असतां त्याचे वडील वर्षाहून अधिक काळ आजारी राहून वारले. बापाच्या दुखण्यांत आपणांस कांहींच समजलें नाहीं, याची त्यास अतिशय लाज वाटली. त्यानें वैद्यकाचे ग्रंथ विकत आणिले आणि सुतकाचे दिवस वाचनांत घालविले. पुढें सरकारी परीक्षांचा नाद त्यानें सोडून दिला. चार वर्षांनीं त्याच्या पुतण्यास ज्वर येऊन घसा धरला. एकामागून एक वैद्य आले, नाना औषधें झालीं, परंतु मुलगा वांचला नाहीं. वू तेव्हां नवशिका होता. पुढें होऊन कांहीं सांगण्याचें त्यास धैर्य झालें नाहीं.

नंतर तो राजधानी पेकिंग येथें गेला. बादशहाच्या आज्ञेनें तेथें एका प्रचंड ग्रंथसंग्रहाच्या नकला होत होत्या. त्या तपासण्याचें काम त्यास मिळालें व त्यायोगें पूर्वीच्या वैद्यांचे ग्रंथ वाचावयास सांपडले. तो दहा वर्षें अभ्यास करीत राहिला. पण त्या काळांत एकाही रोग्यास हलकेपणानें औषध देण्याचें त्यानें साहस केलें नाहीं. १७९३ सालीं पेकिंगांत तापाची मोठी सांथ आली, तेव्हां मित्रांच्या आग्रहास्तव तो रोग्यांकडे जाऊं लागला. आणि इतरांनीं हात टेकलेले कित्येक रोगी त्याच्या हातून बरे झाले. तो अनुभव त्यानें १७९८ च्या सुमारास ग्रंथरूपानें लिहावयास घेतला. उष्ण ज्वरांचें क्रमवार विवेचन करणारा हा ग्रंथ १८१३ सालीं छापून निघाला. आपली गोळी त्यांतच सांगितलेली आहे.

तिचें चिनी नांव ‘आन गुंग न्यू ह्वांग वान’ असें आहे. ‘आन’ म्हणजे शांत करणें, ‘गुंग’ म्हणजे राजवाडा, ‘न्यू ह्वांग’ म्हणजे गोरोचन आणि ‘वान’ म्हणजे गोळी. चिनी वैद्यकांत हृदयास शरीराचा राजा मानितात. मनुष्याचें भान त्याच्याच ठिकाणीं राहतें व त्याभोंवतींचें आवरण हा त्याचा राजवाडा, अशी त्यांची कल्पना आहे. कडक ज्वराची आग या वाड्यांत शिरली कीं रोगी बरळूं लागतो व शेवटीं बेशुद्ध होतो. तेव्हां आग विझवावी आणि कोंदलेलीं द्वारें सुगंधी द्रव्यांनीं मोकळीं करावीं, असा या औषधाचा हेतु आहे.

गोळींत अकरा द्रव्यें आहेत आणि त्यांतील बरींचशीं आपल्या परिचयाचीं आहेत. गोरोचन, म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयांत सांपडणारा खडा, हें मुख्य. त्याशिवाय गेंड्याचें शिंग, हळदीच्या जातीचें एक मूळ, आणखी दोन कडू मुळें, आपल्या बागेंतील अनंताचें फळ, हिंगूळ व मनशीळ. हीं आठ द्रव्यें समभाग घ्यावयाचीं. त्यांच्या निम्में मोतीं, आणि कस्तुरी व भीमसेनी कापूर प्रत्येकीं चतुर्थांश. सर्वांची बारीक पूड मधांत मळून गोळ्या करितात, त्यांवर सोन्याचा वर्ख चढवितात आणि सुगंध उडून जाऊं नये म्हणून मेणाचें वेष्टन घालितात. रोग्याची नाडी क्षीण असेल तर गोळी जिनसेंग नामक मुळीच्या काढ्याबरोबर द्यावी, आणि नाडी भरलेली असेल तर पुदिन्याच्या जातीचा पाला व एक फूल यांच्या काढ्याबरोबर द्यावी, असें वूनें सांगितलें आहे.

यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, चिनी वैद्य सर्व बेशुद्धि एकच मानीत नाहींत. दांतखीळ बसली आहे, मुठी आवळलेल्या आहेत, श्वास घरघरतो आहे, ही ‘बंद’ अवस्था. तींतही अंग तापलेलें असेल तरच ही गोळी. अंग गार असेल तर दुसरी, उष्ण सुगंधी द्रव्यांची. परंतु तोंड उघडें पडलें आहे, हात सैल झाले आहेत, थंड घाम सुटला आहे, ही ‘निसटती’ अवस्था होय. तिच्यांत द्वारें उघडणारें औषध दिल्यास उरलासुरला प्राणही निघून जाईल, असें ते बजावितात. तेथें शक्ति धरून ठेवणारा जिनसेंगचा काढाच द्यावयाचा. म्हणजे औषध हातीं असणें ही निम्मी विद्या. कोणत्या रोग्यास तें देऊं नये हें ओळखणें ही उरलेली निम्मी.

काळाबरोबर गोळीही बदलली. शिंगासाठीं गेंड्यांचा संहार होऊं लागल्यामुळें चीन सरकारनें १९९३ सालीं त्या शिंगाच्या व्यापारास बंदी केली, आणि आतां त्या जागीं म्हशी-रेड्यांचें शिंग वापरितात. कस्तुरी व गोरोचन हीं दुर्मिळ झाल्यामुळें त्यांच्याही कृत्रिम प्रती निघाल्या आहेत. हिंगुळांत पारा आणि मनशिळेंत सोमल असतो. म्हणून ही गोळी आपल्या मनानें वारंवार घेणें अपायकारक आहे. तरीही चीनमध्यें कित्येक घरीं ती जपून ठेवितात, आणि कांहीं निरोगी माणसें ती केवळ रोग टळावा म्हणून खातात. ही चाल पाहून वू ज्यूतुंगास खेदच झाला असता.

२००२ सालीं इंग्लंडांत पॉटर्स बार येथें आगगाडीचा अपघात झाला. त्यांत हाँगकाँगच्या दूरचित्रवाणीची एक वार्ताहर स्त्री बेशुद्ध झाली व तिची आशा फारच थोडी उरली. पुढें तिला पेकिंग येथें नेण्यांत आलें व ती शुद्धीवर आली. तिच्या उपचारांत ही गोळीही होती, म्हणून गोळीची कीर्ति फार वाढली. परंतु इंग्लंडांतील शस्त्रक्रिया, दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांचे उपचार व परिचारिकांची रात्रंदिवस शुश्रूषा हींही तिच्या वांट्यास आलीं होतीं. एकट्या गोळीनें काय केलें हें एका रोग्यावरून ठरत नाहीं. अनेक रोग्यांस औषध देऊन व तितक्याच रोग्यांस न देऊन तुलना करावी, तेव्हां कोठें खरेंखोटें कळतें. विद्यार्थ्यांनीं विज्ञानाच्या तासास शिकलेला हा नियम घरच्या औषधांसही लावून पाहावा.

आतां आपल्या पटांगणाकडे परत येऊं. बेशुद्धीचीं कारणें अनेक असतात: साधी घेरी, उन्हाचा झटका, अपस्मार, मेंदूंतील रक्तवाहिनी फुटणें किंवा तुंबणें, रक्तांतील साखर एकाएकीं उतरणें, डोक्यास मार, विषबाधा. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे व तो डॉक्टरांनींच ठरवावयाचा. बेशुद्ध मनुष्यास गिळतां येत नाहीं. त्याच्या तोंडांत घातलेलें पाणी, काढा अथवा मात्रा श्वासनलिकेंत जाऊन तो गुदमरतो. म्हणून त्याच्या तोंडांत कांहींही घालूं नये. झटके येत असतील तर दांतांमध्यें चमचा कोंबूं नये. जवळच्या टणक वस्तु मात्र दूर साराव्या. हांक मारून पाहावी, श्वास चालतो कीं नाहीं तें पाहावें. चालत असल्यास कपडे सैल करून त्यास कुशीवर वळवावें, भोंवतालची गर्दी हटवावी आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास नसल्यास रुग्णवाहिका बोलावून छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं जोरानें, मिनिटास १०० ते १२० वेळां दाब देत राहावें. तो कधीं पडला ती वेळ लक्षांत ठेवावी. डॉक्टर पहिल्यानें तेंच विचारितात.

घरांतील दुःखाच्या वेळीं आपणांस कांहीं समजत नाहीं याची लाज त्या एकोणीस वर्षांच्या मुलास वाटली; त्यानें ती रडून घालविली नाहीं, अभ्यास करून घालविली. मग ज्ञान येईपर्यंत त्यानें हात आंवरून धरिला, आणि ज्ञान आल्यावर सांथीच्या दिवसांत तोच हात पुढें केला. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुट्टींत कुशीवर वळविण्याची रीत एकमेकांवर करून पाहावी व घरच्या मंडळींसही शिकवावी. त्यास ना कस्तुरी लागते, ना सोन्याचा वर्ख. आणि प्रसंग आला असतां एखाद्या घरचें माणूस त्यामुळें वांचेल.