हाती असलेला दिवस

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पेण येण्यापूर्वी, जिते नावाचे एक लहानसे स्थानक लागते. हा सारा भातशेतीचा मुलूख. येथील शेतकऱ्यास आषाढात 'उद्या पाहू' असे म्हणण्याची सोय नसते. राबात पेरलेले आवण तीन-चार आठवड्यांचे झाले की ते उपटावे, त्याच्या मुठी बांधाव्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात ते लावावे, असा क्रम आहे. आवण राबातच राहून जून झाले, तर लावणीनंतर त्यास फुटवे कमी येतात व पीक घटते. पाऊसच उशिरा आला तर शेतकऱ्याचा इलाज चालत नाही. परंतु पाऊस पडला, चिखल झाला आणि धनी मात्र बांधावर बसून राहिला, तर दोष कोणास द्यावयाचा?

याच पेण तालुक्यातील गागोदे या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. पुढे आचार्य विनोबा भावे म्हणून सर्व देश त्यांना ओळखू लागला. हाती असलेला दिवस कसा वापरावा, हे त्यांच्या तुरुंगवासाच्या हकिगतीवरून फार चांगले कळते.

1932 साली, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तुरुंगात मनुष्याचे मन बहुधा तेथे नसतेच. ते एक तर मागे घरी असते, नाही तर सुटकेच्या दिवसाकडे धावत असते. आज गेला, उरले इतके, असे दिवस मोजण्यातच आजचा दिवस निघून जातो. धुळ्याच्या कैद्यांना मात्र रविवारची ओढ लागली. दर रविवारी विनोबा त्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगत. 21 फेब्रुवारी रोजी पहिले प्रवचन झाले आणि 19 जून रोजी अठरावे. मुलांनो, दिनदर्शिका घेऊन हिशेब करा. मधला एकही रविवार चुकलेला नाही, असे तुम्हांस आढळेल.

श्रोत्यांमध्ये साने गुरुजी होते. ते केवळ ऐकत बसले नाहीत. विनोबा बोलत असत आणि गुरुजींची लेखणी चालत असे. बोललेला शब्द हवेत विरून जातो. तो त्याच वेळी टिपला नाही, तर पुढे कितीही हळहळ केली तरी परत मिळत नाही. गुरुजींच्या त्या तत्परतेमुळेच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. याच गुरुजींनी पुढच्या वर्षी, 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तीही अवघ्या पाच दिवसांत.

तथापि वेळ साधणे म्हणजे घाई करणे नव्हे. विनोबांच्या आईस, रुक्मिणीबाईंस, संस्कृत गीता समजत नसे. मुलाने मराठी भाषांतर आणून दिले, तेही त्यांना अवघड वाटले. तेव्हा तूच सोपी गीता का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलास विचारले. त्या वेळी ते काम विनोबांच्या आवाक्यात नव्हते. 1918 साली आई वारली. 'गीताई' लिहून पुरी झाली ती 1931 साली! जिच्यासाठी लिहावयाचे, तिने तिची एक ओळही वाचली नाही. विनोबांनी ही मधली वर्षे आळसात घालविली होती, असे कोणीही म्हणणार नाही. अध्ययन अखंड चालूच होते. काही कामे पिकण्यास वेळ लागतो, आणि आपली माणसे तोवर थांबतातच असे नाही. याचे दुःख होते, ते व्हावेही. ग्रंथाच्या नावात मात्र आई आहे.

1942 च्या चळवळीत विनोबांना पुन्हा अटक झाली व त्यांची रवानगी दूर दक्षिणेत, वेल्लोरच्या तुरुंगात झाली. भोवती भाषा परकी. दुसरा एखादा कुरकुरला असता. विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चार भाषा एकाच वेळी शिकावयास घेतल्या.

18 एप्रिल 1951 रोजी ते तेलंगणातील पोचमपल्ली या गावी होते. तेथील भूमिहीन दलितांनी पोट भरण्यासाठी 80 एकर जमीन मागितली. सरकारास लिहून कळवितो, असे म्हणून पुढे जाता आले असते. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी 100 एकर जमीन देऊ केली. भूदानाचा आरंभ तो हाच. पुढच्या गावी विनोबांनी पुन्हा जमीन मागितली.