पाट, वासरे आणि गाई
(मुलांच्या वयानुरूप घरकामाचा विचार)

बाळकृष्णाने केलेली लोण्याची चोरी आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकली आहे. परंतु श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील अकराव्या अध्यायात एक लहानसा उल्लेख आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गोकुळातील वडील मंडळी त्या बालकास कधी पाट आणावयास सांगत, कधी धान्याचे माप, तर कधी पादुका. तोही सांगितलेली वस्तू उचलू पाही, हात हालवी आणि आपल्या माणसांस आनंद देई. नंदाच्या घरी माणसांची वाण नव्हती. पाट आणण्यास दुसरे कोणी नव्हते म्हणून कृष्णास सांगितले, असे खचित नाही. घर सर्वांचे आहे, म्हणून त्यातील काहीएक काम लहानग्याच्याही वाट्यास यावे, एवढाच त्यातील भाव आहे.

याच अध्यायात पुढे नंदादी गोप वृंदावनात येऊन राहतात, तेव्हा राम-कृष्णांकडे वासरे राखण्याचे काम येते. तेही गावापासून फार दूर नव्हे, जवळच्याच रानात. गाई राखण्याची अनुमती त्यांस मिळते ती पंधराव्या अध्यायात, पौगंड वयात आल्यावर. परंपरेने पाचव्या वर्षापर्यंत कौमार आणि सहाव्यापासून दहाव्यापर्यंत पौगंड असे वय मोजले जाते. प्रथम पाट, मग वासरे, मग गाई, हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. शक्ती वाढेल तसे काम वाढले आणि कामाबरोबर विश्वासही वाढला.

याच विषयाची दुसरी बाजू ऐंशीव्या अध्यायात दिसते. सांदीपनींच्या आश्रमात असता गुरुपत्नीने कृष्ण-सुदाम्यास सरपण आणावयास पाठविले. अवेळी वादळ-पाऊस झाला, अंधार पडला, आणि दोघे रात्रभर रानात अडकले. सूर्य उगवताच सांदीपनी स्वतः त्यांच्या शोधार्थ निघाले आणि ते भेटताच त्यांनी त्यांस आशीर्वाद दिला. काम सांगणाऱ्या वडिलांची जबाबदारी काम सांगून संपत नाही, हे येथे शिकावयाचे.

आता आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील घरांकडे वळू. येथे आम्हांस दोन टोके दिसतात. शहरातील पुष्कळ घरांत मुलास कोणतेच काम सांगितले जात नाही. ‘त्याचा अभ्यास बुडेल’ असे म्हणून पाण्याचा पेलाही त्याच्या हातात नेऊन दिला जातो. तोच मुलगा पुढे शिक्षणासाठी हैदराबादेस किंवा नागपुरास गेला म्हणजे साधा भात टाकणे व शर्ट धुणे त्यास संकट वाटते. दुसरे टोक गावाकडचे. कापसाची वेचणी सुरू झाली की शाळेतील पट रिकामा दिसू लागतो. आई-वडील शेतात जातात आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडास घेऊन घरी राहते. पहिल्या घरात मुलाच्या हाती पाटही दिला नाही. दुसऱ्यात मुलीच्या हाती एकदम गाईंचा कळप दिला. दोन्हीकडे क्रम चुकला.

यासंबंधी कायद्याचे म्हणणेही सभासदांनी लक्षात ठेवावे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. कुटुंबास मदत करण्याची मुभा आहे ती धोक्याच्या कामांखेरीज, आणि शाळेनंतर किंवा सुट्टीतच. फवारणीच्या औषधाचा डबा मुलाच्या हाती देणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे आपण विसरू नये. विहिरीवरची मोटार, उकळते तेल, डोक्यावरचे जड ओझे, यांचाही समावेश याच यादीत करावा.

मग कोणत्या वयात काय सांगावे? मूल सारखे नसते. एखादे सहाव्या वर्षी जे करते ते दुसऱ्यास आठव्या वर्षी जमते. तरी साधारण क्रम असा धरता येईल.

पाच वर्षांपर्यंत : पाट मांडणे, पेले ठेवणे, पूजेची फुले परडीत वेचणे, तुळशीस पाणी घालणे, खेळणी व चपला जागच्या जागी ठेवणे. काम पाच मिनिटांचे असावे आणि आई किंवा आजी जवळ असावी.

सहा ते दहा : आपले अंथरूण काढणे, एका खोलीचा केर काढणे, शेंगा सोलणे, डाळ-तांदूळ निवडणे, कपड्यांच्या घड्या करणे, देवाची उपकरणी चिंचेने घासणे, वासरास चारा घालणे.

अकरा ते चौदा : आपले कपडे धुणे, कणीक मळणे, वडिलांच्या देखरेखीखाली वरण-भात लावणे, भाकरी थापण्यास शिकणे, दुकानातून जिन्नस आणून हिशेब वहीत लिहिणे. मोडकी-तोडकी भाकरीही त्या दिवशी सर्वांनी आवडीने खावी.

पंधराच्या पुढे : आठवड्यातून एक वेळचा पूर्ण स्वयंपाक, घरातील आजाऱ्याची शुश्रूषा, बँकेतील व टपाल कचेरीतील साधी कामे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ही यादी मुलास वेगळी आणि मुलीस वेगळी नाही. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर जी वेळेच्या वापराची पाहणी केली, तीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ जणी घरचे बिनमोल काम करीत असल्याचे आढळले. पुरुषांपैकी असे काम करणारे शेकडा २६ च होते. काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात रोजचे २९९ मिनिटे जात, पुरुषाचे ९७. या अंकांचा उगम आपल्याच घरातील संध्याकाळी आहे. शाळेतून दोन्ही मुले बरोबरच येतात. बहिणीस भांडी घासावयास बोलावले जाते आणि भाऊ खेळावयास जातो. बहिणीचाही अभ्यास असतो, तिचीही परीक्षा असते.

ज्यांस हे मुलाच्या पुरुषपणास कमीपणा आणणारे वाटेल, त्यांनी आपल्या संतांच्या कथा आठवाव्यात. जनाबाईबरोबर प्रत्यक्ष पांडुरंग जात्यावर दळावयास बसला. पैठणास एकनाथांच्या घरी त्याने श्रीखंड्या होऊन पाणी भरले. देवास जे हलके वाटले नाही, ते आपल्या मुलास का वाटावे? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात पत्रावळ लावण्यास शिकण्याची एक रात्रच आहे, आणि तेथे शिकणारा मुलगा आहे. आपल्या जिल्ह्याच्या रानांत पळसास तोटा नाही. आजही एखाद्या आजीने नातवास ही कला शिकविली तर बरे होईल. पैनगंगेच्या उत्तरेस वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, सफाई आणि स्वयंपाक हे शिक्षणाचेच भाग मानले गेले, आणि ते मुलगे व मुली दोघांसही होते.

काम सांगण्याच्या रीतीविषयी थोडे लिहून हा पाठ संपवितो. प्रथम काम करून दाखवावे, मग बरोबर बसून करावे, आणि नंतर त्याचे त्यास करू द्यावे. काम नेमून दिलेले असावे. ऐनवेळी ओरडून सांगितलेले काम मुलास जाचाचे वाटते. त्याने काढलेला केर त्याच्यादेखत पुन्हा काढू नये. शिक्षा म्हणून काम सांगू नये; तसे केल्यास काम हीच शिक्षा, असे त्याच्या मनात बसते. नित्याच्या कामास पैसे देऊ नयेत. परीक्षेच्या दिवसांत काम हलके करावे, पण अजिबात बंद करू नये. आणि ज्या घरी वडील स्वतः आपले ताट उचलीत नाहीत, तेथे मुलाकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आपण मुलांस अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वतीकडे नेतो आणि त्यांचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतो. कामाचाही पहिला धडा असाच हात धरून द्यावयाचा आहे. येत्या एकादशीस प्रत्येक घरातील मंडळींनी एकत्र बसून प्रत्येक मुलास त्याच्या वयाचे एक काम नेमून द्यावे, आणि पुढील एकादशीपर्यंत ते त्याच्याकडेच ठेवावे. मंदिरातील महाप्रसादाच्या दिवशीही पंगतीत पाणी वाढणे आणि उष्ट्या पत्रावळी उचलणे ही कामे मुलांकडे, आणि त्यातही मुलग्यांकडे, आवर्जून सोपवावीत, अशी आमची सभासदांस विनंती आहे.

घरी विचार करण्यासाठी :
१. आपल्या घरात रोजची कोणकोणती कामे आहेत, आणि त्यांतील किती एकट्या आईकडे आहेत?
२. आपल्या मुलास आज पाट, वासरे किंवा गाई यांपैकी कोणत्या पायरीचे काम पेलेल?
३. भाऊ-बहिणींच्या कामांची यादी शेजारी शेजारी लिहिली, तर ती सारखी भरेल काय?